बोलपाटीचं गाठोडं

३ नोव्हेंबर, सोमवार

परवानगी नाही म्हणे! पेनड्राइव्ह माझा, लॅपटॉप माझा, प्रोग्राम मी लिहिलेला, आणि जिच्यासाठी लिहिला ती माझी बायको. मग परवानगी काढायची कोणाची? सकाळपासून बोलपाटीचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकतोय. थोडं पुढे जातं आणि अडतं — सिम्बॉलिक लिंक करता येत नाही, ऑपरेशन नॉट परमिटेड. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दारावरचा रखवालदारसुद्धा दुसऱ्यांदा विचारलं तर निदान तोंड वेगळं करतो.

गुरुवारी हिला पुनर्वसन केंद्रात न्यायचंय. झटका आल्यापासून हिची वाचा गेली. समजतं सगळं, माझ्यापेक्षा जास्तच. पण शब्द ओठापर्यंत येतो आणि उंबऱ्यावरून मागे फिरतो. उजवा हात, उजवा पाय दोन्ही रुसलेले. इस्पितळात तिला रोज उजव्याच खांद्याला धरून उठवायचे. ही कळवळायची आणि त्यांना वाटायचं, बाईला उठायचा कंटाळा आहे. मला कळलं तेव्हा खांदा सुजून टम्म झाला होता. सांगणार कशी बिचारी?

म्हणून बोलपाटी केली. पडद्यावर मोठाली बटणं, बटणावर चित्र. डाव्या बोटाने दाबलं की आवाज येतो — ‘पाणी हवंय’, ‘खिडकी लावा’, ‘उजव्या खांद्याला हात नको’. आवाज धाकटीचा, म्हणजे हिच्या बहिणीचा. पूर्वी फोनवर दोघी सारख्याच वाटायच्या, माझी कितीदा फजिती झाली. म्हणून तिचाच घेतला. हिला तो फारसा रुचला नसावा, पहिल्यांदा ऐकला तेव्हा भिवई वर गेली होती. लहानपणापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

केंद्राचा नियम असा की बाहेरची विजेवर चालणारी वस्तू खाटेजवळ आणायची नाही. खाटेला त्यांचा संगणक आहे, त्यातही माझ्या लॅपटॉपसारखं लिनक्सच. तुमचं काय असेल ते पेनड्राइव्हवर आणा. आणतो की. पण हा मला आणू देईल तेव्हा!

४ नोव्हेंबर, मंगळवार

मुलाचा फोन आला. त्याची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, तो चहा पितोय आणि मी दिवसभराचा वैतागलेला.

म्हणाला, “बाबा, पेनड्राइव्हला दोष नका देऊ. त्या फोल्डरात पायथन नाहीच आहे.”

नाहीच आहे! बोलपाटी ज्याच्या जोरावर चालते तो पायथन! वर्षभर रोज चालवतोय मी!

म्हणे, आहे ती नुसती सिमलिंक. “आपल्या किल्ल्यांच्या दुकानाच्या दाराला तुम्ही चिठ्ठी लावायचात ना, ‘मालक कुलूप उघडायला गेले आहेत, शेजारी विचारा’ — तशी चिठ्ठी. पायथन शेजारी राहतो. आणि पेनड्राइव्हच्या घडणीत असल्या चिठ्ठ्या चिकटवायची सोयच नाही.”

मला राग चिठ्ठीचा नाही. राग याचा की हे वेगळं एन्व्हायर्नमेंट यानेच मला करायला लावलं. “बाबा, बोलपाटीला स्वतंत्र खोली द्या, म्हणजे बाकी मशीनशी भांडण नको.” दिली. मी समजत होतो की बोलपाटीने वेगळी चूल मांडली. आता कळतंय की चूल वेगळी, पण पीठ रोज मोठ्या घरातूनच येतंय. असल्या संसाराला स्वतंत्र कोण म्हणतं?

शेवटी म्हणाला, “ते उचलून न्यायचंच नसतं. तिथे जाऊन नवं करायचं.” मी म्हटलं, गुरुवार तोंडावर आलाय आणि तू नव्याच्या गोष्टी काय करतोस. मी जन्मभर नकला केल्या. कोरी किल्ली घेतली, मूळ किल्ली शेजारी धरली, कानस मारली की दाता न् दाता तोच. गिऱ्हाईक कधी म्हणालं नाही की घरी जाऊन नवी किल्ली करा.

तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

जमलं. पेनड्राइव्हला चिठ्ठ्या चालत नाहीत ना, मग सगळ्या फोल्डराचं एक गाठोडंच बांधलं. टार नावाची सोय आहे. आत काय आहे हे पेनड्राइव्हला कळतसुद्धा नाही, त्याला दिसते एकच फाइल. निमूट घेतली. रखवालदाराच्या नाकासमोरून गाठोड्यातून पोर नेल्यासारखं वाटलं.

ही पलंगावरून बघत होती. मी म्हटलं, “झालं बघ तुझं सामान.” तिने बटण दाबलं — ‘बरं’. धाकटीच्या आवाजात ‘बरं’ जरा टोचतंच, ती मुळात ते टोचून म्हणते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संताप संताप झालाय.

केंद्र स्वच्छ आहे. लांब ओटीसारखी खोली, सहा खाटा, खिडकीबाहेर गाड्या धुतात ती जागा. हिची खाट खिडकीकडची. वाचा परत आणायला एक मुलगी आहे, तिला मी मनातल्या मनात वाचाताई म्हणतो, मृदू बोलते. इथवर ठीक. मग आला त्यांचा संगणकवाला. गळ्याला मफलर, कारण त्याच्या खोलीत थंड हवेचं यंत्र. पेनड्राइव्ह फक्त तोच लावणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बरं बाबा, लाव.

गाठोडं सुटलं. सगळी फोल्डरं जिथल्या तिथे. मी म्हटलं, आता बिन नावाच्या फोल्डरातला पायथन चालव. चालवला. म्हणतो, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. अशी फाइल नाही!

“अहो, ती काय समोर दिसतेय,” मी म्हणालो. यादीत नाव ठळक दिसत होतं.

“दिसतेय खरी, काका,” मफलर म्हणाला. “पण नाही म्हणतोय.”

दिसतेय आणि नाही! डोळे माझे म्हातारे असतील, आंधळे नाहीत. त्याने काहीतरी टाइप केलं आणि दाखवलं. चिठ्ठी गाठोड्यातून जशीच्या तशी आलेली. चिठ्ठीवर लिहिलंय, तीन पॉइंट दहा नंबरचा पायथन शेजारी राहतो. शेजारी बघतो तर कोणी नाही.

“मग मला तीन पॉइंट दहा द्या.”

“तो नाही, काका. बारा आहे.”

जसं वाण्याने म्हणावं, तूरडाळ नाही, मसूर आहे.

ही खाटेवर बसून काळ्या पडद्याकडे बघत होती. मी कागदावर मोठ्या अक्षरात ‘उजव्या खांद्याला हात नको’ लिहून खाटेच्या कठड्याला बांधलं. मदतनीस मावशी म्हणाल्या, “आम्हाला सांगितलंय, आजोबा.” इस्पितळातही सांगितलं होतं.

निघताना हिने माझी बाही धरली. काहीतरी म्हणायचं होतं. काय ते मला कळलं नाही. तिच्या हाताशी बटण असतं तर कळलं असतं.

घर फार मोठं वाटतंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चिठ्ठी नको, खरा माल दे — असं सांगायची सोय आहे! एन्व्हायर्नमेंट करतानाच सांगायचं की लिंक नको, कॉपी कर. हे आधी कोणी का सांगत नाही? जिथे तिथे अर्धवट माहिती लिहून ठेवायची आणि माणसाला खड्ड्यात पडल्यावर वरून म्हणायचं, कडेला पाटी होती की.

केलं नवं. बघून घेतलं, पायथन आता खरोखर आत आहे, चांगला जाडजूड. त्याचं वजन बघून समाधान वाटलं. पुन्हा गाठोडं बांधलं. धाकटी डबा घेऊन आली होती, म्हणाली, “भाऊजी, ताई तिथे गेली आणि तुम्ही इथे या लॅपटॉपशीच झटत बसलात.” मी म्हटलं, तुझाच आवाज पोचवायचा खटाटोप आहे. “माझा आवाज तिला कधी हवा होता?” म्हणाली आणि डबा आपटून गेली. आपटला म्हणजे ठेवला, पण तिचं ठेवणं तसंच असतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

नाही चालला.

पायथन उघडला, खरोखर उघडला, आणि उघडताक्षणी ओरडला की एन्कोडिंग्ज नावाचं काही सापडत नाही. ते तर त्याच्या घरचं अगदी मूळचं सामान! मफलर खाली वाकून वाचत होता. म्हणाला, “काका, तुम्ही नुसता पायथन आणलात. त्याची पुस्तकं तुमच्या घरच्या कपाटात राहिली.” एन्व्हायर्नमेंटच्या एका फाइलमध्ये म्हणे अजून माझ्या लॅपटॉपवरचाच पत्ता आहे. कॉपी फक्त धन्याची झाली, त्याचं घर झालं नाही.

नकलेला अक्कल लागते म्हणतात. इथे नक्कल एवढी चोख की स्वतःचं घर विसरायला तयार नाही!

मफलरने चहा विचारला. मी नको म्हटलं, जरा कडकच. तो बिचारा काही वाईट नाही. पण चांगल्या माणसावर रागावता येत नाही म्हणून राग थोडाच थांबतो?

ही आज मरगळलेली होती. तिने बोटाने पाण्याचा पेला दाखवला, मावशींनी उशी सरकवली. पेला आणि उशी एकाच दिशेला. मी पाणी दिलं. मी नसतो तेव्हा काय होत असेल? घरी येईस्तोवर तोच एक विचार. मी नसतो तेव्हा खांद्याचं काय होत असेल?

९ नोव्हेंबर, रविवार

मुलाशी भांडलो.

मी म्हटलं, तुझं शास्त्र खोटं आहे. लिंक ठेवली तरी मेलं, कॉपी केली तरी मेलं. मग माणसाने करायचं काय? तो शांतपणे म्हणाला, “बाबा, आजी काय म्हणायची? बिऱ्हाड हलवताना भांडी न्यायची, चूल न्यायची नाही. चूल नव्या घरच्या मातीची.”

माझ्याच आईचं वाक्य मला ऐकवतो! आणि तेही बरोबर ऐकवतो, हे अधिक झोंबलं.

तर असं आहे. एन्व्हायर्नमेंट न्यायचंच नाही. न्यायचा माझा प्रोग्राम, आणि त्याला लागणारी तयार पुडकी — पडद्यावर बटणं रेखणारं एक, आवाज वाजवणारं एक. तीही त्यांच्या बारा नंबरच्या पायथनच्या मापाची, कारण तिथे इंटरनेट नाही, बाजारातून काही ऐनवेळी आणता येणार नाही. मग तिथल्या पायथनलाच सांगायचं की बाबा रे, इथे एक खोली बांध. त्यात ही पुडकी सोडायची.

हे तो मंगळवारी म्हणाला होता. शब्दांत नाही, पण म्हणाला होता. ‘नवं करायचं’ एवढंच म्हणून सोडून दिलं तर माणसाला कसं कळावं? सविस्तर सांगायला काय चहा गार होत होता?

पुडकी उतरवून घेतली. त्याने फोनवर सांगितलं, मी टाइप केलं. एकदा मीच त्याला चुकलेलं अक्षर दाखवलं. दोघांनाही बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता खोली बांधायला गवंडीच नाही!

त्यांच्या मशीनवर पायथन आहे, पण एन्व्हायर्नमेंट करण्याचं साधन वेगळं टाकावं लागतं आणि ते टाकलेलं नाही. मफलर म्हणतो, टाकतो, पण वरून मंजुरी घ्यावी लागेल. वर म्हणजे दुसरा मजला. मी म्हटलं, मी जातो. म्हणाला, काका, जिन्याने दम लागेल, मीच अर्ज पाठवतो. दम मला लागेल की त्यांना?

वाचाताई हिच्याजवळ आरसा धरून बसली होती. ओठ गोल कर, ओठ ताण. ही करत होती, कपाळावर घाम. मी आलो तशी थांबली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. काय सांगणार? मंजुरी जिन्यात अडकलीय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मंजुरी नाही. ‘बघतो’ म्हणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर रागात उलटसुलट होईल.

मंजुरी मिळाली. मफलरने साधन टाकलं, तिथल्याच पायथनने तिथेच खोली बांधली, पुडकी सोडली. मी माझ्या गाठोड्यातून फक्त बोलपाटी काढून घेतली. चालव म्हटलं. चालली! पहिल्या फटक्यात. सगळी बटणं लखलखीत. पेला, खिडकी, खांदा. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी चष्मा पुसून लपवलं. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

हिने पेल्याचं बटण दाबलं. बटण पिवळं झालं, म्हणजे दाबलं गेलं. आवाज नाही.

खांदा दाबलं. पिवळं. आवाज नाही.

सगळी दाबून पाहिली. मुकी! बोलपाटी मुकी!

मी मफलरवर ओरडलो. सगळ्यांसमोर. तुमचे स्पीकर बिघडलेले, तुम्ही आवाज दाबून ठेवलाय, पेशंट गप्प असले की तुमची झोप चांगली होते. नाही नाही ते बोललो. त्याने एक गाणं लावून दाखवलं. खणखणीत वाजलं. मग माझीच बोलती बंद झाली, पण राग नाही.

यावर कडी म्हणजे वाचाताई. मला बाजूला घेऊन म्हणाली, “काका, घाई करू नका. आवाज नसला तरी राहू द्या चार दिवस.”

राहू द्या! माझी बायको मुकी आणि तिचं यंत्रही मुकं, आणि या वाचाताईला तेच सोयीचं! इस्पितळातही सगळ्यांना सोयीचंच होतं. मी म्हटलं, “ताई, तुम्हाला शांतता हवी असेल, मला तिचा शब्द हवाय.” तिने हिच्याकडे बघितलं फक्त. हीही माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर गाडी धुणाऱ्याकडे बघत होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

बोलपाटीच्या आतलं ‘आवाज’ नावाचं फोल्डर हे फोल्डरच नाही. चिठ्ठी आहे. धाकटीचं बोलणं फोनवरून लॅपटॉपवर घेतलं ते दुसरीकडे पडलं होतं. तेव्हा जागा वाचवायला आणि हुशारी दाखवायला मीच लिंक करून दिली. नुकतीच शिकलो होतो ना, नव्या चाकूने दिसेल ते कापायचं. गाठोड्यात चिठ्ठी गेली, आवाज घरीच राहिले. आणि बोलपाटीने तक्रार का केली नाही? कारण मीच तिला शिकवलंय, एखादा आवाज सापडला नाही तर अडून बसू नको, गप्प राहा आणि पुढे चल.

शहाणी लेक, बापाचं ऐकते!

म्हणजे मफलर निर्दोष. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. सोमवारी जाऊन त्याची माफी मागतो आणि आवाजही टाकतो.

संध्याकाळी केंद्रात फोन केला. मफलर रजेवर, मंगळवारी येईल. दुसऱ्या कोणी पेनड्राइव्ह लावायचा नाही. अरे, एका माणसाच्या रजेवर अख्खी खोली मुकी ठेवता! फोनवरच्या बाई म्हणाल्या, नियम आहे. नियमाला तरी बायको आहे का?

१७ नोव्हेंबर, सोमवार

मला खोकला झालाय, म्हणून केंद्रात सोडत नाहीत. काचेबाहेरून हात करून आलो. धाकटी आत गेली होती. बाहेर आली ती नेहमीसारखी फणकारत नव्हती.

“भाऊजी, ताई माझ्याकडे बघून ओठ हलवत होती.”

“काय म्हणत होती?”

“ते कळलं नाही. शिव्या देत असेल.” आणि पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, “माझं ते रेकॉर्डिंग नका हो टाकू एवढ्यात.”

धाकटीचंही तेच! सगळ्यांनी काय कट केलाय? मी म्हटलं, वाचाताईने शिकवून पाठवलं वाटतं. ती म्हणाली, “मला शिकवायला अजून कोणी जन्मलं नाही,” आणि तरातरा बसस्टॉपकडे गेली. हे मात्र नेहमीसारखं.

ओठ हलवते म्हणजे तडफडते. सांगायचंय आणि सांगता येत नाही. उद्या सकाळी पहिला नंबर माझा. आवाजाच्या खऱ्या फाइली चिठ्ठीच्या जागी घातल्या, प्रत्येक उघडून ऐकली. पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून ऐकली. आता कोणाची टाप नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वाजला!

खोकला उतरला, आत सोडलं. आधी मफलरकडे गेलो. माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण शिव्याही सगळ्यांसमोरच दिल्या होत्या. तो लाजला, मफलर सारखा करत राहिला. म्हणाला, “काका, मीही एकदा अशीच चिठ्ठी कॉपी करून मूळ फोल्डर पुसून टाकलं होतं. आख्ख्या ऑफिसचं.” मग आम्ही चहा घेतला. बरा करतात चहा.

मग फाइली टाकल्या. मी स्वतः पहिलं बटण दाबलं. ‘उजव्या खांद्याला हात नको!’ धाकटीचा आवाज एवढा खणखणीत की दारातून जाणाऱ्या मावशी जागच्या जागी थांबल्या. मी वाचाताईकडे विजयाने बघितलं. तिचा चेहरा उतरला. उतरू दे. काम आमचं झालं, नाकं त्यांची खाली.

ही? हिने काही दाबलं नाही. मी म्हटलं, “दाब ना, तुझंच आहे.” माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग ‘बरं’ दाबलं. एकदाच. दमली असेल. इतक्या दिवसांची कोंडी, एकदम कशी फुटणार?

मुलाला फोन केला. “जिंकलो,” म्हटलं. तो म्हणाला, “आई काय म्हणाली?” मी म्हटलं, बरं म्हणाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजही ‘बरं’च. दिवसभर मी बटणं सुचवत होतो, ती माझ्या समाधानासाठी दाबल्यासारखी एखादं दाबत होती. आरसा कपाटावर उलटा पडलेला. वाचाताईला विचारलं, ओठांचे व्यायाम बंद का? ती म्हणाली, “यंत्र बोलतंय ना, काका. काकूंना वाटतं, मग मी कशाला.”

बाहेर येऊन चिडलो. कोणावर ते नीट ठरवता येईना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी मी खिडकीचं बटण दाबून दाखवत होतो. हिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं, दूर केलं आणि म्हणाली, “बंद कर.”

बटण नाही. तोंडाने. जड, फाटका, पण हिचा आवाज. धाकटीसारखा अजिबात नाही.

पाटी मुकी होती त्याच दिवसांत हिचं बोलणं सुरू झालं, वाचाताईने सांगितलं. पहिला शब्द रविवारी, मावशींना — ‘खांदा’. मला सांगणार होती, पण हिनेच बोट ओठांवर ठेवलं, माझी मेहनत वाया जाईल म्हणून.

मफलरला बोलावून ‘आवाज’चं फोल्डर काढून टाकायला लावलं. त्याच्या जागी ती जुनी चिठ्ठी परत लावली, घरच्या पत्त्याची.